लेकीच्या लग्नात मी मागेच थांबलो तर?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५६. अठराव्या वर्षी पाठीवर आणि दंडावर चट्टे उठले. घरच्यांनी तीन वर्षं लपवलं. अंगारे झाले, जडीबुटी झाली. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन्ही हातांची बोटं वाकली होती, नाक बसलं होतं, भुवया गेल्या होत्या. गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा बहिणीचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, मला ओसरीवर बघायचे आणि चहा न घेता उठायचे. एका रात्री मीच घर सोडलं. कोणी शोधायला आलं नाही. त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं, असं नंतर कळलं.

तेव्हापासून ३५ वर्षं मी एका कुष्ठरुग्ण वसाहतीत राहतो. गोळ्यांची पाकिटं इथेच पूर्ण केली, रोग गेला, तोंड तसंच राहिलं. इथे आक्का भेटली. ती माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. तिने भाकरी दिली, मी तिचं पाणी भरलं, असं करत घर झालं. मी ड्रेसिंग शिकलो. रोज सकाळी वीस-बावीस जणांच्या जखमा धुतो, पट्ट्या बांधतो. शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं. त्यांची पोर चार वर्षांची असताना आई वारली, पुढच्या वर्षी बाप. पोर आमच्याकडे आली. तिला हा रोग कधीच झाला नाही. लहानपणी रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन माझे तळवे तपासायची, कारण मला काटा रुतला तरी कळत नाही. आज ती २५ वर्षांची आहे, नर्स आहे. तिच्याच दवाखान्यातल्या मुलाशी लग्न ठरलंय. मुलाला सगळं माहीत आहे. त्याच्या आईवडिलांना ‘वडील वसाहतीत राहतात’ एवढंच माहीत आहे. त्यांनी मला पाहिलेलं नाही.

पोर म्हणते, कन्यादानाला बाबा आणि आक्काच बसतील. मी मात्र तिच्या सख्ख्या चुलत्याला गाठलं. वीस वर्षांत तो कधी आला नव्हता, पण बसायला तयार झाला. पत्रिकेतही त्याचंच नाव घालू. मी मागे स्वयंपाकाकडे बघेन. माझे हात, माझं तोंड चारशे लोकांसमोर कशाला? तिच्या सुखासाठी एवढा त्याग मी करू शकतो. पण तीन दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. तिला कसं समजावू, ते सांगा.

एक वाचक, विदर्भ

उत्तर:

दादा,

पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की तुमच्या या दीड पानात दोन लग्नं आहेत. एक बहिणीचं, एक लेकीचं. आणि दोन्हींत तुम्ही एकच गोष्ट करताय. आपण दिसलो नाही तर यांचं भलं होईल, असं मनाशी धरून बाजूला होताय.

पहिल्या वेळी तुम्ही उंबरा ओलांडलात तेव्हा मागून कुणी हाक मारली नाही. या वेळी एक पोर दारात आडवी उभी आहे. पस्तीस वर्षांपूर्वी त्या ओसरीवर कुणीतरी म्हणायला हवं होतं, की हा नसेल तर लग्न नको. आईने, वडिलांनी, बहिणीने, कुणीतरी. एकवीस वर्षांच्या त्या मुलाला ते शब्द ऐकायला मिळाले नाहीत. आज मिळतायत, आणि तुम्ही मला पत्र लिहून विचारताय की हे बोलणारीला गप्प कसं करू. तिला समजावायचे शब्द माझ्याकडे नाहीत, दादा. तिचं बरोबर आहे. म्हणून समजूत घालायची ती तुमचीच घालते.

तुम्ही याला त्याग म्हणता. त्याग म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगावं, अशी माझी पात्रता नाही. चिघळलेल्या टाचेला कालची पट्टी चिकटलेली असते. ती ओढायची नसते, पाण्याने भिजवत भिजवत सोडवायची असते. हे काम वाकड्या बोटांनी, बावीस वेळा, रोज सकाळी. त्यात समोरच्याला काहीतरी मिळतं. जखम कोरडी पडते, पाय वाचतो, माणूस चालू लागतो. आता तीच कसोटी मांडवातल्या त्यागाला लावून बघा. तुम्ही स्वयंपाकघरात थांबलात, तर पोरीला नेमकं काय मिळतं?

मी सांगते काय मिळतं. एक अल्बम मिळतो. त्यात तिच्या बापाच्या जागी वीस वर्षांत न फिरकलेला माणूस बसलेला असतो. सासरी आल्यागेल्या प्रत्येकाला तो अल्बम दाखवताना ‘हे कोण गं?’ या प्रश्नावर तिला एकतर खोटं बोलावं लागतं, नाहीतर मान खाली घालावी लागते. पुढे तिला मूल होईल, बारसं होईल. तेव्हा आजोबांना बोलवायचं की नाही? जो माणूस लग्नात लपवला, तो बारशाला उघड कसा करायचा? लपवणं असं एका दिवसात संपत नाही हो. ते तिच्या रुखवतात जाऊन बसेल आणि तिच्या संसारात तिच्याबरोबर राहायला जाईल. आणि तुमच्या घरच्यांनी ती तीन वर्षं रोग लपवला, त्या लपवण्याने तुमची बोटं वाकवली. लपवण्याची किंमत तुमच्याएवढी कुणाला माहीत असणार?

तुम्हाला लाज वाटते, ती मला कळते. फक्त तिला लाजच म्हणा. त्यागाचं नाव तिला देऊ नका. लाज तुमच्यात जन्मतः नव्हती, ती त्या ओसरीवर, न प्यायलेल्या चहाच्या कपांतून तुमच्यात आली.

आणि कप म्हटलं की मला माझं सांगावंच लागेल. आमच्या घरी मागच्या अंगणात, तुळशीपलीकडच्या भिंतीवर एक कान तुटलेला कप असायचा. दर शनिवारी एक म्हातारे बाबा यायचे. पायांना चिंध्या, हाताची बोटं तळव्यात दुमडलेली. आई वरून धार धरून त्या कपात चहा ओतायची. ते दोन्ही मनगटांमध्ये कप धरून प्यायचे आणि स्वतःच विसळून पुन्हा भिंतीवर ठेवायचे. एका जूनमध्ये त्यांनी पळसाच्या पानात बांधून जांभळं आणली. माझ्यासाठी. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. ‘पोरीला द्या’ म्हणाले. आई हसून ‘हो’ म्हणाली आणि ते वळणावर दिसेनासे झाल्यावर पुडा तसाच उकिरड्यावर टाकला. मला जांभळं हवी होती म्हणून मी रडले. त्या माणसासाठी रडू यायला मला आणखी वीस वर्षं लागली. आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी आज जे इतक्या ठामपणे लिहितेय, त्याच्या तळाशी ती जांभळं आहेत. त्यांना मला काहीतरी द्यायचं होतं आणि आम्ही घेतलं नाही.

तुमच्या लेकीलाही आज तुम्हाला काहीतरी द्यायचंय. मानाची जागा. तुम्ही ती घेत नाही आहात.

घेणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. ज्याने सगळा जन्म दिलं, त्याला तर फारच. सेवाग्रामला परचुरेशास्त्री होते. संस्कृतचे विद्वान. या रोगाने ग्रासलेले असताना ते गांधीजींकडे आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं. आपण ही गोष्ट नेहमी गांधीजींच्या बाजूने सांगतो. मला मात्र शास्त्रीबुवांचा विचार येतो. जग ज्या अंगाकडे बघत नाही ते अंग दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, यालाही केवढी छाती लागत असेल! तुम्ही ज्यांच्या जखमा बांधता, ते सगळे रोज सकाळी हेच धैर्य करून तुमच्यापुढे पाय पसरतात. एक दिवस तुम्ही करा.

आता तुमच्या हातांविषयी. बोटं ‘झडली’ असं लोक म्हणतात आणि ऐकून ऐकून आपल्यातलेही म्हणायला लागतात. बोटं झडत नाहीत. हा रोग एका जंतूचा. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. जंतू त्वचेत आणि नसांमध्ये राहतो. नस मेली की तिथली संवेदना जाते, स्नायू लुळे पडतात, बोटं वाकतात. दुखतच नाही म्हटल्यावर माणूस गरम तवा धरतो, फोडावरूनच चालतो, जखम हाडापर्यंत जाते आणि हाड आतल्या आत झिजतं. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातापायांचा बारकाईने अभ्यास करून हेच दाखवलं, की नुकसान मुख्यतः वेदना हरवल्यामुळे होतं. तुम्ही तर रोज हेच बघता. मी हे तुमच्यासाठी लिहीत नाही, तुमच्या होणाऱ्या व्याह्यांसाठी लिहितेय. हे पान त्यांना वाचायला द्या. पाप, शाप, रक्तातला दोष, यातलं काही नाही. हा रोग वंशपरंपरेने येत नाही. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची ताकद मुळातच असते. औषधं सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. तुम्ही पूर्ण बरे होऊन तीस वर्षं उलटली. तुमच्या हातचं पाणी प्यायल्याने कुणाला काही होणार नाही. तेव्हाही झालं नसतं. राहिलेलं तोंड आणि बोटं म्हणजे विझलेल्या आगीची काजळी. तिने कुणी भाजत नाही.

(इतर वाचकांनाही जाता जाता सांगते. देशात आजही दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात. अंगावर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. या दादांच्या घरच्यांनी घालवली तशी तीन वर्षं घालवू नका.)

चारशे लोक काय म्हणतील, हा तुमचा खरा धाक. मी खोटा धीर देणार नाही. काही जण बघत राहतील. एखादी बाई पोराला जवळ ओढेल. कुणी जेवणाआधीच निघूनही जाईल. पण भीती मोडते कशी, याचं उदाहरण तुमच्याच विदर्भात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी काम उभं केलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, आणि पुढे बाबा आमटे आणि साधनाताई सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. तिथे या माणसांनी विहीर खोदली, भाजीपाला पिकवला. स्वतःला खाऊन उरला तो विकायला नेला, तर सुरुवातीला गावात कुणी घेईना. भाजी उत्तम होती, पण पिकवणारे हात ‘असले’ होते. मग परदेशातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण स्वयंसेवक तिथे बांधकामाला आले. याच माणसांबरोबर राबले, त्यांच्यातच राहिले, त्यांच्याबरोबर जेवले. गावाने ते डोळ्यांनी बघितलं आणि हळूहळू भीती ओसरत गेली. १९६४ मध्ये त्याच आनंदवनात महाविद्यालय सुरू झालं आणि ज्यांच्या घरी ती भाजी चालत नव्हती, त्यांची पोरं तिथे शिकायला आली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की व्याख्यानाने कुणाची भीती गेली नाही. कुणीतरी न बिचकता जवळ बसलेलं दिसलं, तेव्हा गेली. खुद्द बाबांचंही तेच. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेला, बोटं नसलेला, अंगात किडे झालेला तुळशीराम पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबा घाबरून पळाले होते. त्यांनी ते कधी लपवलं नाही. मग परत फिरले आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. मांडवातले चारशे लोकही आधी तुमच्याकडे बघतील आणि लगेच तुमच्या लेकीकडे बघतील. ती कशी बसलीय, तिचा हात कुठे आहे, तिच्या डोळ्यांत काय आहे, यावरून ते ठरवतील की घाबरायचं की नाही. तिच्यावर एवढा विश्वास ठेवा. तुमच्या मांडीवर वाढलेली पोर आहे ती.

पण हे सगळं लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा घडू देऊ नका. इथे तुमच्या लेकीला आणि जावयालाही मी थोडं रागावणार आहे. मुलाच्या आईवडिलांना अर्धंच सांगून ठेवलंय, ते बरं नाही. पत्रिका छापायच्या आत तुम्ही, आक्का आणि पोर, तिघं त्यांच्या घरी जा. दिवसा जा. तोंडावर रुमाल नको, अंगावरून शाल नको. मुलगा त्या वेळी घरात असलाच पाहिजे, आणि बोलायला सुरुवात त्याने करावी. तुम्ही एवढंच सांगा: हा आजार झाला होता, अमुक साली बरा झाला, पोर माझ्या पोटची नाही पण माझी आहे. त्यांना प्रश्न असतील, ते विचारू द्या. आरोग्य केंद्रातल्या किंवा वसाहतीत येणाऱ्या डॉक्टरांशी त्यांची भेट घालून द्यायची तयारी ठेवा. आणि चहा आला तर घ्या. बोटांत कप बसत नसेल तर नेहमी घरी जसा दोन्ही तळव्यांत धरता तसाच धरा. फक्त फार गरम नाही ना, हे आधी पोरीला बघू द्या.

ते नाही म्हणाले तर? तर ते लग्नाआधी कळलं. तुमच्या पोटात आत्ता गोळा आला असेल, ‘माझ्यामुळे मोडलं’ म्हणून. ओसरीवरचा तो मुलगा पुन्हा जागा झाला असेल. त्याला सांगा की त्यानंतर काय करायचं ते ठरवायचा हक्क त्या दोघांचा आहे. ती २५ वर्षांची आहे, कमावती आहे. तिच्या वतीने घाबरून आधीच माघार घेणं म्हणजे तिचा निर्णय तिच्या हातून काढून घेणं. आणि मुलगा सगळं माहीत असून हो म्हणालाय, हे विसरू नका. मला त्याच्याबद्दल बरं वाटतंय.

कायद्याचंही सांगून ठेवते, कुणी नातेवाईक शहाणपणा शिकवायला आला तर उपयोगी पडेल. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या अपंग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण मानलं जायचं, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. म्हणजे तुमच्या तरुणपणी कायद्याच्या पुस्तकात जे लिहिलेलं होतं, तेही आता खोडलंय.

कन्यादानाला जोडपंच लागतं, असं गुरुजी म्हणतील असं तुम्हाला वाटत असेल. पत्रात लिहिलं नाहीत, पण चुलत्याला गाठण्यामागे हेही असावं. गुरुजींना आधीच भेटा आणि स्पष्ट विचारा. हे नाही म्हणाले तर दुसरे बघा, समजूतदार गुरुजी मिळतात. दान हा शब्द मला स्वतःला रुचत नाही, पोर ही देऊन टाकायची वस्तू नव्हे. पण तिला तो विधी तुमच्या हातून हवा आहे आणि तिच्या लग्नात तिचं ऐकायचं. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही २०२४ मध्ये म्हटलं, की लग्न वैध ठरायला कन्यादान आवश्यक नाही. तेव्हा तुम्ही आणि आक्का बसलात म्हणून त्या लग्नात काडीचंही उणं येत नाही.

विधीत पाण्याची धार धरतात. ते पाणी वडिलांच्या हातांवरून वधूवरांच्या ओंजळीत पडतं. तुमच्या मनात हेच घोळतंय ना, की बोटं सरळ होत नाहीत, ओंजळ जुळत नाही, पाणी गळेल? गळू द्या. सगळ्यांच्याच हातून ते गळतं, खाली भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. आक्काला धार धरू द्या आणि तुमच्या हातांखाली पोर तिचे हात धरेल.

चुलत्याला काही वाईट बोलू नका. यायचं असेल तर येऊ द्या, आहेर करा, जेवू घाला. बाप मेल्यावर पोरीकडे बघितलं नाही, याचा हिशेब मांडवात काढायचा नाही. पत्रिकेत मात्र निमंत्रक म्हणून तुमचं आणि आक्काचं नाव. तुम्हाला लिहायला संकोच वाटला तर मजकूर पोरीलाच लिहू द्या.

आता थोडं कामाचं. लग्न उन्हाळ्यात असणार, असं धरून चालते. विदर्भातलं ऊन, तापलेली जमीन आणि तुमचे बधीर तळवे. मांडवात चपला काढायला लावतील. तुमची एमसीआरची, म्हणजे बधीर पायांसाठीची मऊ रबराची चप्पल पाटापर्यंत पायात ठेवा आणि पाटाखालून पुढे जाड सतरंजी घालून घ्या. अनवाणी एक पाऊलही नको. कुणी काही म्हणालं तर जावई सांगेल. होम पेटल्यावर विस्तवापासून हातभर लांब बसा. तुमचे डोळे पूर्ण मिटत नसतील तर धुराने त्रास होईल, म्हणून चष्मा आधीच करून घ्या. लग्नाआधीचे पंधरा दिवस पत्रिका वाटत गावोगाव चालत फिरू नका. तुम्ही फिराल, मला खात्री आहे, म्हणून बजावते. ऐन लग्नात पायाला जखम झाली तर पोर लग्न सोडून ड्रेसिंग करत बसेल. आणि लग्नाच्या आदल्या आणि त्या दिवशी सकाळी वसाहतीतलं ड्रेसिंग दुसऱ्या कुणालातरी करू द्या. एखाद्या तरुण पोराला आत्तापासून हाताशी धरून शिकवा. बावीस जणांना दोन दिवस दुसऱ्याचे हात चालतील. त्यातल्या प्रत्येकाला तुम्ही मांडवात पुढच्या रांगेत, धुतलेलं धोतर-लुगडं नेसून बसलेलं बघाल. त्यांना मागे बसवायचं नाही, हे व्यवस्था बघणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेवा. पोरीच्या माहेरचे पाहुणे म्हणजे तेच तर आहेत.

आज हे पत्र वाचून झालं की तिच्याकडे जा. समजावायचं काही नाही. ‘बसतो’ एवढंच म्हणा. तीन दिवसांचा अबोला आहे, ती आधी भांडेल. भांडू द्या.

आणि लग्नाच्या संध्याकाळी, पाठवणीची घाई सुरू व्हायच्या आधी, पाच मिनिटं काढून कुठेतरी कडेला खाटेवर बसा आणि पाय वर घ्या. दिवसभर उभे असाल, काही रुतलं-भाजलं असेल तर तुम्हाला कळलेलं नसणार. ती शालू सावरत बॅटरी घेऊन येईलच. नको म्हणू नका. तळवे तिला बघू द्या.

तुमची ताई